परसदारचे चार शब्द : एका वेलास एकच कोहळे

गेल्या अंकात आम्ही दोडका व पडवळ यांच्या मांडवाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत मांडवासंबंधी कोणीच काही विचारले नाही. मांडवाशेजारी गतवर्षी एक कोहळे एकट्या म्हाताऱ्यास उचलवेना एवढे झाले, असे एक वाक्य आम्ही सहज लिहून गेलो होतो. वाचकांनी नेमके तेवढेच धरिले. बी कोठले, खत कोणते, वजन किती भरले, आमच्या एवढ्याशा परसात तसे होईल काय, अशी विचारणा झाली आहे. मुलांस एक उद्योग म्हणून हे सांगावे काय, असेही एका भगिनीने विचारले आहे. विद्यार्थी विचारील ते सोडून आपणांस येते तेच शिकवीत बसणे, हा शिक्षकाच्या पेशातील जुना दोष आहे. चाळीस वर्षे तो आमच्या हातून घडला. निवृत्तीत तरी तो टाळावा, म्हणून हा महिना कोहळ्याचा.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण वऱ्हाडात ज्यास कोहळे म्हणतो, त्यास पुण्यामुंबईकडील मंडळी तांबडा भोपळा म्हणतात. त्यांचा कोहळा म्हणजे पांढरा, अंगास राख फासल्यासारखा, ज्याचा आग्र्याकडे पेठा करितात तो. आमच्या सूनबाई नाशिककडच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूने ‘आज कोहळ्याची बोंडे करू’ असे म्हणताच त्या मोठ्या उत्साहाने बाजारातून पांढरा कोहळा घेऊन आल्या. त्या दिवशी बोंडे झाली नाहीत; दुसऱ्या दिवशी सांडगे मात्र उत्तम झाले.

संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यास येथे खाली पाहावे लागते. कूष्मांड म्हणून ग्रंथांतरी जो येतो तो पांढरा कोहळा, अलाबू म्हणजे दुध्या. आपल्या या तांबड्या कोहळ्यास जुने संस्कृत नाव नाही, कारण तो येथला नव्हेच. त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडात. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्याप्रमाणे याचेही बी जगभर फिरले व समुद्रमार्गे आपल्याकडे आले. आमच्या घरी पितृपक्षात पानावर कोहळ्याची भाजी असावीच लागते. परंतु सहाशे वर्षांपूर्वीचे आमचे कोणी पूर्वज त्या पानावर येऊन बसले, तर ही कसली भाजी म्हणून तेच विचारतील. असो. चार शतके जो घरात राहिला, पानात बसला, तो आता घरचाच म्हणावयाचा.

घरच्या या कोहळ्याचे तिकडे अमेरिकेत व विलायतेत एक थोरले चुलतभावंड आहे. आपल्याकडे बहुधा होते ती जात वनस्पतिशास्त्रात मोस्चाटा या नावाची. प्रचंड फळे येतात ती जात मॅक्सिमा. या दुसरीच्या फळांची वजने लावून तेथील लोक दरसाल शरद ऋतूत मेळे भरवितात. कॅनडातील विल्यम वॉर्नॉक नावाच्या गृहस्थाने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ४०० पौंडांचे फळ नेले, व १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे ४०३ पौंडांचे, म्हणजे सुमारे १८३ किलोंचे नेले. हा उच्चांक १९७६ पर्यंत कोणास मोडता आला नाही. पुढे कॅनडातच नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे बी निवडून ‘अटलांटिक जायंट’ नावाचा वाण सिद्ध केला, आणि १९७९ पासून १९८२ पर्यंत लागोपाठ चार वर्षे जगातील सर्वांत मोठे फळ त्याचेच ठरले. तेथून वजने झपाट्याने वाढली. २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील इयान व स्टुअर्ट पॅटन या जुळ्या बंधूंचे फळ १२७८.८ किलो भरले. आपल्या हिशेबाने पावणेतेरा क्विंटल! ज्यांनी बाजार समितीत कापसाच्या गाड्या मोजताना पाहिल्या आहेत त्यांनी मनात चित्र उभे करावे. हे दोघे भाऊ लहानपणापासून मिळून हा उद्योग करीत आले आहेत, हे वाचून आम्हांस वजनापेक्षाही अधिक कौतुक वाटले. त्याचे कारण पुढे येईल.

एवढे फळ होते तरी कसे? आम्ही समजत होतो की त्या वेलाची पाने अधिक अन्न तयार करीत असतील. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निराळेच आढळले. त्या प्रचंड वाणाचे पान साध्या वाणाच्या पानाहून अधिक अन्न तयार करीत नाही. अन्न वाहून नेणाऱ्या नलिका मात्र त्यात पुष्कळ अधिक असतात. म्हणजे मिळकत तीच, पण ती एका ठिकाणी पोहोचविण्याची सोय मोठी. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

आता आमची फजिती ऐका. तीन वर्षांमागे मुलाने त्या अटलांटिक जायंटचे बी कोठूनसे मागवून दिले. पाकिटावर फळाशेजारी एक गोरे मूल उभे, आणि फळ मुलाहून मोठे. आम्ही उन्हाळ्यात हाताशी वेळ म्हणून फेब्रुवारीत बी टोकले. वेल मार्चअखेर जोमाने धावला. एप्रिलात फुले आली ती सारी नर. मेमध्ये आमच्याकडे उन्हाचा पारा ४५ अंशांकडे जातो, हे अमरावती-अकोल्याच्या वाचकांस सांगावयास नको. दोनच मादी फुले आली. ती धरली नाहीत, पिवळी पडून गळाली. दुपारी वेल असा मान टाकी की पाहवत नसे. दुसऱ्या वर्षी तेच बी पावसाळ्यात लाविले. फळ धरले, नारळाएवढे झाले, आणि श्रावणाच्या झडीत देठाशी कुजले. पाने तर भुरीने पीठ सांडल्यासारखी पांढरी झाली.

अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात डिसेंबरअखेर जे कृषी प्रदर्शन भरते, तेथे गेलो असता एका जाणत्या गृहस्थांस आम्ही ही कथा सांगितली. ते हसून म्हणाले, ‘मास्तर, थंड देशाचा वाण तो. ऊन कडक व दिवस मोठा असला की या कुळात नर फुले वाढतात, मादी कमी होतात, परागही दुबळे पडतात. तुमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या जे बी टिकले आहे त्यातलेच थोर निवडा.’ हे ऐकताच आम्हांस आमच्या धाकट्या बंधूच्या धुऱ्यावरची कोहळी आठवली. कस्तुरीमृगाने सुगंध शोधीत रानभर हिंडावे, तसे आमचे झाले होते.

आमचे मूळ गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात. तेथील विहिरींचे पाणी खारे. ते ना पिण्यास ना ओलितास. शेती सारी पावसाच्या भरवशावर. कापूस, तूर, मूग, आणि पुढे जमिनीतील ओलीवर हरभरा. बंधू पावसाळ्याच्या तोंडाशी धुऱ्यावर व उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचे बी टोकून देतो, आणि मग त्याकडे पाहतही नाही. तरी सहा-आठ किलोंची फळे येतात. त्यातील सर्वांत थोराचे बी राख लावून तो बाटलीत ठेवितो. आमच्या आईनेही तसेच ठेविलेले होते. गतवर्षी मे महिन्यात त्याने त्यातील बारा बिया आम्हांस पुडीत बांधून दिल्या.

आता कृती सांगतो. आमचे अमरावतीचे परस वीस फूट लांब व बारा फूट रुंद. एवढ्यात मोठ्या फळाचा वेल एकच लावावा. दोन लाविले तर दोन्ही उपाशी राहतात. आपली काळी माती सुपीक खरी, पण पावसात फुगते, पाणी धरून ठेविते, आणि मुळे गुदमरतात. म्हणून तीन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात चार घमेली जुने, मुरलेले शेणखत, एक घमेले रेती व किलोभर निंबोळी पेंड मातीत मिसळून भरली, आणि वर वीतभर उंच गादी केली. ताजे शेण कदापि घालू नये. मुळे भाजतात व हुमणी येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी पिशवीत लावून दोन खरी पाने आली तशी त्यातील सर्वांत जोमदार रोप गादीवर ठेविले.

कोवळ्या पानांवर तांबडे भुंगे येतात व पानांची चाळण करितात. ते पहाटे गारव्यात सुस्त असतात. तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे काम आमच्या नातीने घेतले होते व रोजचा आकडा वहीत लिहिला. पुढे पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी दहा-बारा दिवसांनी केली. पाणी नेहमी बुडाशी द्यावे, पानांवर ओतू नये, व सायंकाळी तर नकोच.

मुख्य वेल लांबू द्यावा. त्यास दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात. त्या चार-पाच हातांवर शेंडे खुडून थांबवाव्यात आणि फांदीवरच्या फांद्या येताच काढाव्यात. वेलाच्या प्रत्येक पेरापाशी मूळ फुटण्याची शक्ती असते. पेरावर ओंजळभर खतमाती टाकून दाबली की तेथे मूळ धरते, आणि वेल एका तोंडाने जेवत होता तो दहा तोंडांनी जेवू लागतो. ही एवढी एक गोष्ट केली तरी फळ दीडपट होते, असा आमचा अनुभव आहे.

जुलैच्या मध्यावर नर फुले आली व महिनाअखेर मादी. नर फुलाचा देठ बारीक व लांब. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढे फळ आधीच असते, त्यामुळे मुलांसही ती ओळखता येतात. फूल उजाडता उमलते व दहाच्या सुमारास मिटते. शहरात मधमाश्या कमी झाल्या आहेत. त्यांच्यावर विसंबू नये. सकाळी सातच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावेत, आणि मग त्या फुलाचे तोंड दोऱ्याने सैल बांधावे. असे केल्याने शेजारच्या वेलाचे पराग येत नाहीत व पुढे बी शुद्ध राहते. पाऊस असेल तर फुलावर छत्री धरावी. आमच्या गल्लीतील लोकांनी आम्हांस पहाटे छत्री घेऊन वेलाशेजारी उकिडवे बसलेले पाहिले आहे. ते काय म्हणाले असतील ते असो.

मुळापासून दहा फुटांवरचे फळ आम्ही मुख्य धरिले. फार जवळचे धरू नये, कारण त्यामागे पुरेशी पाने नसतात. पुढेमागे एखादे नासेल या भीतीने आणखी दोन फळेही ठेविली. फळमाशीसाठी कामगंध सापळा टांगला व फळांस कागदाच्या पिशव्या घातल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिन्ही नारळाएवढी झाली. मग ठरल्याप्रमाणे आम्ही विळा घेऊन दोन फळे कापावयास गेलो. नात वही घेऊन बरोबर होती. पहिले फळ कापले. देठातून चिकाचे थेंब आले. नातीने विचारले, ‘आजोबा, याने काय केलं होतं?’

आम्ही शास्त्र सांगितले. वेलाचे अन्न ठराविक. ते तिघांत वाटले तर तिन्ही साधारण राहतील, एकास दिले तर एक थोर होईल. तिला हिशेब पटला. तिने वहीत लिहूनही घेतला. आम्हांस मात्र दुसरे फळ कापण्यापूर्वी थोडा वेळ पायरीवर बसावे लागले.

१९७२ साली वऱ्हाडासह महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो व अकोल्यास मामांच्या घरी राहून सातवीत शिकत होतो. सायंकाळी एका शास्त्र्यांकडे रूपावली म्हणावयास जात असू. धाकटा बंधू दहा वर्षांचा. गावच्या शाळेत चौथी पहिल्या नंबराने उतरलेला. पाचवीसाठी त्यानेही अकोल्यास यावयाचे, असे ठरले होते. आमची पाचवीची जुनी पुस्तके आम्हीच त्यास दिली होती. त्याने त्यांना वर्तमानपत्राची वेष्टने घालून प्रत्येकावर आपले नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. त्या वर्षी शेतात काहीच पिकले नाही. लोक खडी फोडावयास दुष्काळी कामांवर गेले. मुलांस सुकडी मिळे. दोघांचा खर्च वडिलांस झेपणारा नव्हता, आणि मामांच्या दोन खोल्यांत दुसऱ्या भाच्यास जागा नव्हती. एके रात्री ओसरीवर वडील म्हणाले, ‘थोरल्याचे अर्धे झाले आहे, त्याचे पुरे होऊ द्या.’ बंधूने काही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली, शिक्षक झालो, संस्कृताच्या नावावर गावात चार नमस्कार मिळाले. तो वखरामागे चालला. ती वेष्टने घातलेली पुस्तके कित्येक वर्षे माळ्यावर होती. सुट्टीत घरी गेलो की दिसत.

महालक्ष्म्यांस बंधू दरवर्षीप्रमाणे आला. आमच्या घरी नैवेद्यास सोळा भाज्या एकत्र करितात. त्यातील कोहळे त्याच्याच धुऱ्यावरचे असते. जेवण झाल्यावर आम्ही त्यास मोठ्या अभिमानाने परसात नेले. फळ तेव्हा मोठ्या घागरीएवढे झाले होते. त्याखाली रेतीची उशी, वर सौभाग्यवतींच्या जुन्या लुगड्याची सावली. उघड्या उन्हात साल लवकर निबर होते व मग पाऊस पडताच फळ तडकते, म्हणून ती सावली. बंधूने फळाकडे थोडे पाहिले, मग वाकून वेलावरून हात फिरवीत मागे गेला आणि त्या दोन जुन्या घावांपाशी थांबला.

‘दादा, खुडायचं होतं तर फुलातच खुडावं. एवढं वाढू दिल्यावर तोडलं की वेलाला लागते.’

तो वेलाविषयीच बोलत होता. त्यास दोन अर्थांनी बोलण्याची सवय नाही. त्याचे म्हणणे बागशास्त्रातही खरे आहे; नको असलेले फळ मादी फूल धरताच काढावे, म्हणजे वेलाचे अन्न फुकट जात नाही व घावही लहान राहतो. वाचकांनी आमची चूक करू नये. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चौथीपर्यंत पहिल्या नंबरात वाढू दिलेले, नावे घातलेल्या पुस्तकांपर्यंत वाढू दिलेले ते फळ आमच्या डोळ्यांपुढे येत राहिले.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. वडील गेल्यापासून गावची सात एकर जमीन सातबाऱ्यावर दोघांच्या नावे होती. कसत होता एकटा तो. आमच्या मुलाच्या मनात, अर्धा हिस्सा वेगळा करून मक्त्याने द्यावा, पुढे भाव आला तर विकावा, असे होते; आणि कायद्याने त्यात गैर काहीच नव्हते. वाटणीचा मसुदा वर्षभर आमच्या कपाटात पडून होता. महालक्ष्म्यांचे विसर्जन झाल्यावर आम्ही घरातील सर्वांस एकत्र बसविले आणि आपला हिस्सा बंधूस सोडावा असा विचार सांगितला. मुलगा प्रथम रुष्ट झाला, आणि त्याचे म्हणणेही अगदी वावगे नव्हते. त्यालाही दोन लेकरे आहेत. वडिलार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलीसही जन्मतः हक्क आला आहे, म्हणून मुलीस पुण्याहून फोनवर घेतले. तिने लगेच होकार दिला. मुलाने चार दिवस घेतले. आम्ही मनात म्हणत होतो की आपण फार उदार होत आहो. ते सौभाग्यवतींनी ओळखले असावे. त्या म्हणाल्या, ‘सोडायचे तर उपकार म्हणून सोडू नका. पन्नास वर्षांचे देणे आहे, ते द्या.’ यावर आमचे संस्कृत काही उपयोगी पडले नाही.

फळ कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी उतरविले. देठ सुकून लाकडासारखा झाला, नख सालीत रुतेना, की फळ तयार समजावे. देठ वीतभर ठेवून कापावे, म्हणजे पुष्कळ दिवस टिकते. वाण्याच्या काट्यावर ते २९ किलो ६०० ग्रॅम भरले. पॅटन बंधूंच्या फळापुढे ते म्हणजे हत्तीपुढे शेळी; पण बंधूच्या धुऱ्यावरील त्याच बियाण्याच्या फळाहून चौपट झाले, आणि वीस फुटांच्या परसात झाले, एवढे समाधान. आमच्या घरी अखंड कोहळ्यास पहिली सुरी पुरुषाने लावावी अशी रीत आहे. नातीने तो मान मागितला; दोन महिने भुंगे तिनेच वेचले होते, म्हणून तिच्या हातात सुरी देऊन वर आमचा हात ठेविला. चौदा घरी वाटे गेले. उरलेल्याची भाजी, भरीत, बोंडे असे तीन दिवस चालले. सौभाग्यवतींचा निकाल असा, की भरताला हे चालेल, पण भाजीला भावजींच्या धुऱ्यावरचे लहान कोहळेच बरे. याची चव पाण्याने पातळ झाली आहे. मोठ्या फळात हा दोष असतोच, आणि विलायतेतील ती क्विंटलांची फळे तर पाहण्यापुरतीच असतात.

दिवाळीनंतर आम्ही अकोला जिल्ह्यात जाऊन हक्कसोडपत्र नोंदविले. निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून बंधूने तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो सावकाश वाचतो, ओळीखाली बोट ठेवून; पण एकही अक्षर सोडीत नाही. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी करून खिशात ठेविली आणि विचारले, ‘दादा, मुद्रांकाला किती लागले?’ आम्ही आकडा सांगितला. ‘अर्धे मी देतो,’ म्हणाला, आणि दिले. ते घ्यावेत की न घ्यावेत असा विचार आमच्या मनात आला, पण घेतले.

तेव्हा ज्या भगिनीने मुलांस हा उद्योग सांगावा काय असे विचारले, तिला आमचे उत्तर, अवश्य सांगावा. पहाटे उठणे, मोजणे, लिहिणे, वाट पाहणे, चारही गोष्टी त्यात आहेत. परस मोठे असेल तर एका कोपऱ्यात एक वेल थोर फळासाठी ठेवावा, आणि दुसरा घरच्या भाजीसाठी मोकळा सोडावा. त्याची फळे खुडू नयेत. परस लहान असेल तर एकच वेल लावून त्यास चार-पाच फळे येऊ द्यावीत, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. थोर फळाचा हट्ट धरलाच, तर बाकीची फुलातच काढावीत. आणि मुलांनी विचारले की याने काय केले होते, तर हिशेब सांगावा. पण सांगून लगेच उठू नये, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे.

बी आम्ही धुऊन, सावलीत वाळवून, राख लावून ठेविले आहे. निम्मे बंधूस पाठविले. त्याने निरोप पाठविला की धुऱ्यावर टोकीन, पण खुडणार काही नाही. पुढील अंकी कढीलिंबाविषयी.